खुर्ची, नाहीतर चौक

भाचा लवळ्याच्या डोंगरावरच्या विद्यापीठात शिकतो. मेसचं जेवण त्याला सोसत नाही, असं त्याच्या आईचं मत. त्यामुळे गेल्या रविवारी एसटीनं आलेला शंकरपाळ्यांचा डबा स्वारगेटला उतरवून घेतला, स्कूटरच्या हुकाला अडकवला आणि लवळ्याची वाट धरली. वाटेत तीन बंडखोर भेटले. पहिल्यापाशी सिग्नलला थांबलो, दुसऱ्यावरून नदी ओलांडली आणि तिसऱ्यावरून सरळ गाडी नेली. तिघांपैकी एकानंही तक्रार केली नाही. बंडखोर चौक, पूल आणि रस्ता झाला की फार समजूतदार होतो.

पहिला स्वारगेटचा. पूर्ण नाव देशभक्त केशवराव जेधे चौक. यातलं ‘देशभक्त’ जरा चघळून बघा. 1925 साली दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाचं पुस्तक लिहिलं. दुश्मन कोण, तर चिपळूणकर आणि टिळक! पुण्यात, आणि तेही टिळकांना जाऊन पाच वर्षं झाली असताना, हे छापायला काळीज लागत होतं. ते काळीज जेध्यांचं. पुस्तकाचे प्रकाशक तेच. खटला झाला, खालच्या कोर्टानं शिक्षा ठोठावली, आणि अपिलात सोडवून आणलं ते डॉ. आंबेडकर नावाच्या तरुण बॅरिस्टरनं.

मग हेच जेधे टिळकांच्या काँग्रेसमध्ये गेले आणि प्रांतिकचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या तोंडावर काँग्रेस शेटजींची झाली म्हणत बाहेर पडले आणि शंकरराव मोऱ्यांच्या जोडीनं शेतकरी कामगार पक्ष काढला. 1950 साली या पक्षानं दाभाडीला थेट मार्क्स-लेनिनच्या नावानं प्रबंध मंजूर केला. शेतकऱ्याच्या पोरांनी विळा-कोयता घासून ठेवला. आणि 1954 साली जेधे परत काँग्रेसमध्ये! मोरेही आले. दाभाडीचा प्रबंध मात्र दाभाडीतच राहिला. त्याला कुणी एसटीचं तिकीट काढून दिलं नाही.

पुढची गंमत तर थेट आमच्या लवळ्यापर्यंत येते. 1957 साली जेधे बारामतीतून लोकसभेवर गेले, 1959 साली वारले. पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांच्या मुलाला, गुलाबरावांना उभं केलं. समोर शेकापचे उमेदवार वसंतराव पवार. म्हणजे बापानं काढलेला पक्ष मुलाच्या विरोधात. आणि वसंतरावांचा धाकटा भाऊ प्रचाराला कुणाच्या? काँग्रेसच्या. त्या भावाचं नाव शरद. एका पोटनिवडणुकीत महाराष्ट्राच्या पुढच्या साठ वर्षांचा अभ्यासक्रम शिकवून झाला होता. लवळे आज त्याच बारामती मतदारसंघात येतं, तेव्हा आमच्या भागातल्या मतदाराला कुणाच्या पक्षबदलाचा धक्का बसला असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःची नाडी दाखवावी.

दुसरा बंडखोर नवी पेठेतून गरवारे कॉलेजकडे नेणारा. एस. एम. जोशी पूल. एसेमनी संयुक्त महाराष्ट्रासाठी राज्य पेटवलं. काँग्रेसच्या दिल्लीला मुंबई द्यायची नव्हती. गोळ्या चालल्या, माणसं गेली. शेवटी दिल्लीनं मागणी मान्य केली, 1 मे 1960 ला राज्य झालं, मंगल कलश यशवंतराव चव्हाणांच्या हाती आला आणि 1962 च्या निवडणुकीत मतं पडली काँग्रेसला. ज्यांनी भांडून राज्य मिळवलं ते विरोधी बाकांवर, ज्यांनी उशिरा का होईना दिलं ते सत्तेवर. एसेम आयुष्यात मंत्री झाले नाहीत. त्यांना पूल मिळाला. आयुष्य पक्ष जोडण्यात गेलं त्यांचं, पूल तसा शोभतो.

तिसरा सेनापती बापट रस्ता. याच्याबद्दल नंतर. सिग्नल सुटला.

पाषाण-सूस मागं टाकून लवळ्याचा डोंगर दिसायला लागेपर्यंत हिशेब डोक्यात जुळला होता. दारात बंडखोर आला की सत्तेपुढं दोनच रस्ते असतात. मागणी आत घ्यायची आणि माणसाला बाहेर ठेवायचं, जसं एसेमचं झालं. नाहीतर माणूस आत घ्यायचा आणि मागणीला बाहेर बसवायचं. पहिल्या प्रकारात कायदे बदलावे लागतात, जमिनी द्याव्या लागतात, मुंबई द्यावी लागते. दुसऱ्यात एक खुर्ची, एक लाल दिवा (आता तोही गेला, खर्च वाचला) आणि शपथविधीला चहा-बिस्किटं. सत्तेला हिशेब चांगला येतो. माणूस स्वस्त, मागणी महाग.

कुणी म्हणेल, हे हल्लीचं झालंय, पूर्वी अशी माणसं नव्हती. पूर्वी होती. फक्त पूर्वी याला सैद्धांतिक नाव होतं, आणि ते नाव पुण्यानंच पुरवलेलं. प्रतियोगी सहकारिता! कौन्सिलांत शिरायचं ते आतून अडवायला, असं ठरवून स्वराज्य पक्ष आत गेला. 1925 च्या ऑक्टोबरात मध्य प्रांतातले स्वराज्यवादी श्रीपाद बळवंत तांबे यांनी थेट गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात खुर्ची घेतली. मोतीलाल नेहरू खवळले. आमचे न. चिं. केळकर आणि बॅ. जयकर तांब्यांच्या बाजूनं उभे राहिले, पक्ष फुटला. आणि तांबे? 1929 साली काही काळ हंगामी गव्हर्नर झाले. आतून अडवायला गेलेला माणूस शेवटी आतून दार उघडायला बसला. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. हल्ली ‘सत्तेत राहूनच प्रश्न सोडवता येतात’ असं म्हणणाऱ्यांनी निदान केळकरांना स्वामित्वधन तरी द्यावं.

नंतर यशवंतरावांनी हेच काम सोप्या मराठीत आणलं. ‘बेरजेचं राजकारण’. शेकापचे, रिपब्लिकन पक्षाचे, जो येईल तो घ्यायचा. स्वतः यशवंतराव बेचाळीसचे भूमिगत, त्यामुळे बंडखोराला नेमकं कुठं दुखतं आणि कुठं सुखावतं हे त्यांना पाठ. मात्र बेरजेचा एक नियम शाळेत शिकवायचा राहून गेला. बेरीज माणसांची होते, तेव्हा मागण्यांची वजाबाकी होते.

उदाहरणं हवीत? चला, सीमेवरून सुरू करू. 1986 साली बेळगावात कानडीसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं. बंदी होती, नाकी बंद होती. शिवसेनेचे छगन भुजबळ वेषांतर करून आत घुसले. तुरुंगात गेले. महाराष्ट्रभर जयजयकार. 1991 साली ते काँग्रेसमध्ये गेले, 1999 साली राष्ट्रवादीत आणि उपमुख्यमंत्रिपदी. यावेळी वेषांतराची गरज पडली नाही. भुजबळांनी सीमा ओलांडल्या किती, मोजा. बेळगाव आहे तिथंच आहे.

मग चाकण. लवळ्यापासून फार लांब नाही. 1980 साली शरद जोशी नावाच्या, परदेशातली नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आलेल्या माणसानं कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला. ‘भीक नको, हवं घामाचं दाम’ म्हणत लाखो शेतकरी छातीवर लाल बिल्ला लावून उभे राहिले. मत मागायला आलो तर जोडे मारा, असं सांगणारा हा नेता पुढं स्वतःचा पक्ष काढून निवडणुकीत उतरला आणि 2004 साली शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यानं राज्यसभेत गेला. जोडे कुणी मारले नाहीत. शेतकऱ्याकडे मारण्याइतके जास्तीचे जोडे कधीच नसतात.

पण जोशींचं एक कबूल करायलाच हवं. 9 मार्च 2010 ला महिला आरक्षण विधेयकावर राज्यसभेत मतदान झालं. बाजूनं 186, विरोधात 1. तो एक म्हणजे जोशी. चांदवडला बायकांचा विराट मेळावा घेणारा, शेतकऱ्यांच्या बायकांच्या नावावर जमीन करायला लावणारा माणूस, तो फिरत्या मतदारसंघांच्या पद्धतीला विरोध म्हणून एकटा हात वर करून बसला. बरोबर होता की चूक, वाद घाला. पण राज्यसभेच्या गारेगार सभागृहात सहा वर्षं बसूनही तो सत्तेच्या पोटात विरघळला नाही. खडा राहिला.

त्याच्या कांद्याचं काय? 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 पर्यंत. मधल्या 43 वर्षांत शेतकरी चळवळीतली किती माणसं आमदार, खासदार, मंत्री झाली ती बोटांवर मोजून बघा, हात पुरायचे नाहीत. ऊस-दुधाच्या आंदोलनात रस्त्यावर झोपणारे सदाभाऊ खोत 2016 साली कृषी राज्यमंत्री झाले. माणसं चाळीतून निघून मंत्रालयात पोचली. कांदा चाळीतच.

आता पँथर. इथं टिंगल जरा जपून करावी लागेल, कारण इथं रक्त सांडलंय. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या दोस्तांनी दलित पँथर काढली. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी 15 ऑगस्टला ढाल्यांनी ‘साधना’त लेख लिहिला आणि विचारलं, झेंड्याच्या अपमानाला जबर शिक्षा आणि दलित बाईच्या विटंबनेला किरकोळ दंड, हे कसलं स्वातंत्र्य? अख्खी सदाशिव पेठ हादरली. जानेवारी 1974 ला वरळीत शिवसेना आणि पँथर यांच्यात दंगल पेटली, भागवत जाधव नावाचा तरुण मारला गेला.

त्याच ढसाळांनी पुढं ‘सामना’त सदर लिहिलं. 1999 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पँथरचे रामदास आठवले 1990 साली शरद पवारांच्या मंत्रिमंडळात समाजकल्याण मंत्री, मग खासदार, 2011 साली शिवशक्ती-भीमशक्ती, 2014 साली भाजपच्या पाठिंब्यानं राज्यसभा आणि 2016 पासून केंद्रात राज्यमंत्री. पँथर डरकाळी फोडायचा. आता यमक जुळवतो. संसद हसते, मंत्री हसतात, विरोधी पक्षही हसतो. ज्याला सगळे हसतात त्याला कुणी घाबरत नाही, आणि ज्याला कुणी घाबरत नाही तो मंत्रिमंडळात कायम राहतो. हा शोध आठवल्यांनी लावला, त्याचं श्रेय त्यांना द्या.

पण थांबा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी. 1978 साली विधिमंडळात ठराव झाला, मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, तेव्हा आठवले सरकारात होते. एखादी मागणी माणसाबरोबर आत शिरतेसुद्धा, तेव्हा ती किती चिरडून, किती वर्षं दारात ताटकळून शिरते, हे या सोळा वर्षांवरून कळतं. त्यामुळे आत गेलेल्या प्रत्येक पँथरला फितूर म्हणणाऱ्या पेन्शनरांनी आपण त्या सोळा वर्षांत काय केलं ते आधी आठवावं. राजा ढाले 2019 साली मंत्रिपदाशिवाय गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला जाऊन हळहळणारे बरेच होते. त्यांना मत देणारे कमी होते. बंडखोर बाहेर राहावा असं आपल्याला फार वाटतं. उन्हात. एकटा. आपण सावलीत बसून त्याचं कौतुक करू.

हा रोग आमचाच आहे असं समजू नका. जर्मनीतले योश्का फिशर सत्तरच्या दशकात फ्रँकफर्टच्या रस्त्यांवर पोलिसांशी दोन हात करणारे. 1985 साली हेस्स राज्यात मंत्री म्हणून शपथ घ्यायला पांढरे खेळाचे बूट घालून गेले, देशभर चर्चा. 1998 साली थ्री-पीस सूट घालून परराष्ट्रमंत्री. 1999 साली कोसोवोच्या युद्धाला पाठिंबा मागायला स्वतःच्याच, म्हणजे शांततावादी ग्रीन पक्षाच्या बिलेफेल्डच्या अधिवेशनात उभे राहिले तेव्हा कुणीतरी लाल रंग भरलेली पिशवी फेकली, कानाचा पडदा फाटला. पक्षानं पाठिंबा दिला. बूट संग्रहालयात ठेवलेत. जर्मन माणूस नीटनेटका, बंडखोराचे बूटसुद्धा काचेत ठेवतो. आपण सगळा माणूसच चौकात ठेवतो.

आमच्या जॉर्जचं काय, असं समाजवादी मित्र विचारतीलच. 1974 साली जॉर्ज फर्नांडिस यांनी देशभरची रेल्वे वीस दिवस बंद पाडली. 1989 साली रेल्वेमंत्री. आणि त्यांच्याच काळात 1990 साली कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं. ज्याला बंद कसं पाडायचं ते कळतं, त्याला सुरू कसं करायचं तेही कळतं, हा एक युक्तिवाद. मी तो मान्य करतो, चाकरमान्यांच्या वतीनं. मात्र जॉर्जनी जुलै 1979 ला लोकसभेत मोरारजी सरकारचा जो घणाघाती बचाव केला आणि लगेच ते सरकार सोडलं, त्याचा बचाव मला अजून सापडला नाही. वक्तृत्व सरकारच्या बाजूनं, पाय दुसऱ्या बाजूनं.

आत गेल्यावर माणूस बदलतो हे सांगायला फार हुशारी लागत नाही. आधी भाषा बदलते. बाहेर असताना ‘लढा’, आत गेल्यावर ‘पाठपुरावा’. बाहेर ‘जाहीर निषेध’, आत ‘भावना पोचवल्या आहेत’. बाहेर ‘घेराव’, आत ‘शिष्टमंडळ’. बाहेर ‘झालंच पाहिजे’, आत ‘शासन सकारात्मक आहे’. शासन सकारात्मक आहे, हे वाक्य ज्या दिवशी नेत्याच्या तोंडून सहज निघतं, त्या दिवशी त्याच्या बंडाचा दहावा घालायला हरकत नाही. नीलम गोऱ्हे युवक क्रांती दलातून आलेल्या. उठा, म्हणणारी पिढी ती. 1998 साली शिवसेनेत गेल्या, 2019 साली विधान परिषदेच्या उपसभापती झाल्या. उपसभापतीचं रोजचं काम काय, तर उठलेल्या सदस्याला ‘खाली बसा’ सांगणं.

आणि ‘बंडखोर’ हा शब्दच बघा ना. उमाजी नाईक बंडखोर, वासुदेव बळवंत बंडखोर. आता वर्तमानपत्र उघडा. बंडखोर म्हणजे ज्याला तिकीट मिळालं नाही तो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी बंड, अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी ‘बंड थंड’. मधल्या काळात बंगल्यावर बोलावणं आणि महामंडळाचं आश्वासन. 2022 च्या जूनमध्ये तर महाराष्ट्रातलं सर्वात मोठं बंड सुरतमार्गे गुवाहाटीला पंचतारांकित हॉटेलात झालं. बंडखोरांचे सेनापती मुख्यमंत्री झाले. प्रस्थापितांत सामील व्हायला पूर्वी बंडखोराला निदान वीस वर्षं लागत. आता दहा दिवस पुरतात. विमान झालंय.

त्या हॉटेलातून सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणाले आणि महाराष्ट्राला बंडाचं निसर्गवर्णन मिळालं. योगायोग असा की याच सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार केलं. शेकापचे. जेध्यांनी, मोऱ्यांनी सोडलेल्या त्याच शेकापचे. 1978 आणि 1999 असे दोनदा मंत्री झाले, म्हणजे सत्तेचं वावडं नव्हतं. पण मंत्रिपद गेलं की गणपतराव पुन्हा त्याच पक्षात, त्याच एसटीत. आत जाणं हा गुन्हा असता तर गणपतराव गुन्हेगार ठरले असते. आत गेल्यावर परतीचं तिकीट खिशात होतं, एवढाच फरक. परतीचं तिकीट फाडून टाकलं की माणूस यजमानाच्या ताटाखालचं मांजर होतो. आणि 2024 साली सांगोल्यानं पुन्हा शेकापचाच देशमुख निवडून दिला. झाडी, डोंगार आणि हाटील यांना मताधिकार नसतो.

डबा पोचवला. भाच्यानं आतला एक शंकरपाळा तोंडात टाकत विचारलं, ‘मामा, एसबी रोडनं आलात का? ट्रॅफिक होतं?’

एसबी रोड! तर हा तिसरा बंडखोर. पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा, विलायतेत शिकायला गेला आणि बाँबची विद्या घेऊन आला. 1921 च्या रामनवमीला, लवळे ज्या तालुक्यात येतं त्या मुळशीत, टाटांच्या धरणात बुडणाऱ्या गावांसाठी मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला बसला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. ‘सेनापती’ ही पदवी त्याला इथल्याच मातीनं दिली. सत्तेनं ना माणूस आत घेतला ना मागणी. म्हणजे आत घेतला, पण तुरुंगात, शेवटी तर सात वर्षांसाठी. धरण झालं. गावं बुडाली. आजही मुळशीचं पाणी डोंगरापलीकडं भिऱ्याला उतरतं आणि वीज करतं. 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान बापटांना दिला गेला. 1967 साली ते गेले. आणि मग सत्तेनं हिशेब चुकता केला. पुण्यात रस्ता, मुंबईत रस्ता.

त्या रस्त्यांवर एकदा डोळे उघडे ठेवून जा. मुंबईतल्या सेनापती बापट मार्गावर गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे. पुण्यातल्या रस्त्यावर मॉल, पंचतारांकित हॉटेल. जमिनीसाठी जीव द्यायला निघालेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर जमिनीचा भाव विचारायची सोय नाही. जिवंतपणी पचला नाही, म्हणून मेल्यावर डांबरात घातला. वर नावही पूर्ण ठेवलं नाही. सेनापती गेला, बापट गेला, उरली रोमन लिपीतली दोन अक्षरं. आणि योग बघा, भाच्याच्या विद्यापीठाचं जुनं आवार एसबी रोडवर आणि नवं आवार सेनापतीच्या मुळशीत. सेनापती इथून तिथं गेला नाही, त्याच्या नावाची पाटी तिथून इथं पोचली नाही. भाच्याला मी सत्याग्रहाची गोष्ट सांगितली. त्यानं मन लावून ऐकली आणि म्हणाला, ‘म्हणजे मुळशी पॅटर्न?’ त्याला 2018 चा सिनेमा म्हणायचा होता, जमिनी विकून गुंड झालेल्या पोरांचा. मी हो म्हणालो. तसा खोटा ठरलो नसतो.

उतरताना पायथ्याशी चहा घ्यायला थांबलो. टपरीसमोर मोठा फ्लेक्स. मधोमध गॉगल घातलेला तरुण, वर राज्याच्या नेत्यांची मुंडकी उतरत्या क्रमानं, खाली ‘युवा हृदयसम्राट यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. चेहरा ओळखीचा वाटला. टपरीवाल्या मामाला विचारलं,

‘मामा, हा तोच ना, दोन वर्षांमागं वाडीच्या रस्त्यासाठी भर पावसात चिखलात बसलेला? मी लिहिलं होतं त्याच्यावर.’

‘तोच. तुमी लिव्हलं मंग सायबांनी बोलावलं. आता तालुक्याचं पद हाय.’

मी चहा फुंकला. म्हणजे भरती करणाऱ्यांत आमचाही हातभार. आधी बंडखोराचा फोटो छापायचा, तो मोठा झाला की सत्तेनं उचलायचा, मग आम्ही ‘प्रस्थापित झाला’ म्हणून दुसरं सदर लिहायचं. दोन्ही सदरांचं मानधन मिळतं. शिवाय गेल्याच महिन्यात एका नगरसेवकाच्या हस्ते शाल-श्रीफळ घेताना आमची लेखणी काही फार तिरकी उभी नव्हती. फोटोत तर चांगले हसतोय.

‘लोकांना राग नाही आला?’ मी विचारलं.

‘राग कशाला? आता तहसीलला पौडात काम अडलं तर फोन करतो की. चिखलात बसला व्हता तवा त्याचा फोन कोण उचलत व्हतं?’

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बंडखोराला आत कोण ढकलतं, याचा शोध मी बारामतीपासून बिलेफेल्डपर्यंत लावत होतो आणि तो इथं दहा रुपयांच्या चहात मिळाला. दाखला हवा असतो आपल्याला. सही हवी असते. सही करणारा माणूस चिखलात बसून चालत नाही.

‘बरं, वाडीचा रस्ता झाला का?’

मामानं फडक्यानं टेबल पुसलं. ‘रस्त्याचं बघू म्हनलेत. पन तिथं फाट्यावर चौक करायचं ठरलंय बरं का. नाव त्याच्या आज्याचं देनार, त्यो सेनापतीसंगं सत्याग्रहात व्हता म्हनं.’

‘रस्ता नसताना चौक?’

‘पाटी आलीय करून. रस्ता तेवढा बाकी हाय.’